नाताळचा मोजा

देणगी लहान असावी कीं मोठी, हा प्रश्न नीतीचा विचार करणारे फारसे विचारीत नाहींत. देणाराचा हेतु कोणता, घेणारा पात्र आहे कीं नाहीं, परतफेडीची आशा मनांत आहे काय, या प्रश्नांचा खल मात्र पुष्कळ झालेला आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, तेहि देश, काळ, पात्र आणि हेतु यांवरूनच पाडलेले आहेत. देणगीचा आकार हा केवळ ऐपतीचा भाग समजून बाजूस सारला जातो. आमचेंहि मत पुष्कळ वर्षें असेंच होतें. तें पालटलें इंग्लंडांतील एका घरीं, नाताळच्या सुमारास, आणि पालटण्यास कारण झाला एक सुतळीचा गुंडा.

त्या वर्षीं आम्ही एका इंग्रज कुटुंबांत पाहुणे म्हणून राहिलों होतों. घरांत तीन मुलें. थोरली मुलगी अकरा वर्षांची, मधला मुलगा आठ वर्षांचा आणि धाकटी चार वर्षांची. डिसेंबरच्या २४ तारखेस रात्रीं निजण्यापूर्वीं तेथील मुलें आपापल्या पलंगाच्या पायथ्याशीं एक लांब लोकरी मोजा टांगतात. रात्रीं 'फादर ख्रिसमस' येतो आणि तो मोजा लहानसहान वस्तूंनीं भरून जातो, अशी त्यांची समजूत. त्याच्यासाठीं सुक्या मेव्याचें सारण भरलेला एक 'मिन्स पाय' आणि त्याच्या गाडीच्या रेनडिअरसाठीं एक गाजर बशींत ठेवतात. सकाळीं बशी रिकामी असते, आणि तींत दांतांच्या खुणा उमटलेला गाजराचा तुकडा तेवढा उरलेला असतो.

यजमानीण बाईंच्या कपाटांत, वरच्या खणांत, बुटांचें एक जुनें खोकें होतें. आक्टोबरपासून तें हळूहळू भरत आलें होतें. एके दिवशीं मुलें शाळेंत गेल्यावर त्यांनीं तें आम्हांस दाखविलें. कांचेच्या गोट्या, एक भिंग, रंगीत खडू, बोटांत घालावयाच्या बाहुल्या, सोनेरी कागदांत गुंडाळलेलीं चॉकलेटचीं नाणीं, असा सर्व ऐवज. कोणतीहि वस्तु किमतीची म्हणावी अशी नव्हती. परंतु धाकटीसाठीं एक इवलीशी विजेची बत्ती होती, कारण तिला जिन्यांतल्या काळोखाचें भय वाटे. थोरलीसाठीं एक हिरवी केसांची पिन होती, कारण तशीच पिन शरदऋतूंत हरवल्यापासून ती हळहळत होती. मोज्याच्या अगदीं तळाशीं, अंगठ्याच्या जागीं, एक संत्रें आणि कांहीं अक्रोड घालावयाचे, हा घराचा जुना शिरस्ता. निवड करण्याचे नियम दोनच, असें बाई म्हणाल्या. वस्तु मोज्यांत मावली पाहिजे, आणि मोठ्यांच्या मदतीवांचून मुलास तिच्याशीं खेळतां आलें पाहिजे. कारण त्या दिवशीं मुलें पहाटे पांचास उठतात आणि आईबापांस आणखी दोन तास झोंप हवी असते!

मुलाच्या मोज्यांत तुम्हीहि कांहीं घाला, असा त्यांनीं आग्रह केला. आम्हीं बाजारांत जाऊन एक उंची फौंटनपेन, चामडी घरासह, आणलें. बाईंनीं तें उघडून पाहिलें, मनापासून वाखाणिलें आणि परत आमच्या हातांत ठेवलें. "ही देणगी सुरेख आहे," त्या म्हणाल्या, "पण ती तुमची आहे. न्याहारीनंतर ती स्वतःच्या हातानें द्या. मोज्यांत घालावयाचें तें असें हवें, कीं ज्याबद्दल कोणाचे आभार मानावे लागूं नयेत." आम्ही थोडे ओशाळलों. मुलास काय आवडेल याचा विचारच आम्हीं केला नव्हता. आम्हांस काय शोभेल एवढाच केला होता. मग दोन दिवस आम्ही त्या मुलाकडे नीट पाहूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं तो दिवसभर कशास ना कशास गांठी मारीत असे. खुर्चीस दोरी, दाराच्या मुठीस बुटाचा बंद, मांजराच्या टोपलीस गळपट्टा. आम्हीं सुतळीचा एक मोठा गुंडा घेतला. त्यास पडलेले पैसे सांगण्याजोगे नव्हते.

नाताळच्या सकाळीं तो मुलगा गुंडा छातीशीं धरून आमच्याकडे धांवत आला आणि म्हणाला, "पाहा, मला हेंच हवें होतें हें त्याला कसें कळलें!" आम्हांस कांहींच बोलतां येईना. न्याहारीनंतर आम्हीं पेनहि दिलें. त्यानें तें दोन्ही हातांनीं घेतलें, आईकडे पाहिलें आणि शिकविल्याप्रमाणें आभार मानिले. दोन्ही देणग्या आमच्याच. पण पहिलीनें त्यास आनंद झाला आणि दुसरीनें तो आमचा ऋणी झाला.

देणें म्हणजे ऋण लादणें, ही गोष्ट नवी नाहीं. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत नाना समाजांतील चाली तपासून हेंच दाखविलें, कीं देणगी घेणाराच्या मागें परतफेडीचें बंधन सदैव लागलेलें असतें. सारख्यासारख्यांत हें बंधन गोडच असतें. भाऊबीजेस बहीण ओंवाळते, भाऊ ओंवाळणी घालतो. गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून नाताळांत नेवऱ्यांचें आणि दोदोलाचें ताट शेजारीं जातें, तेंहि सहसा रिकामें परत येत नाहीं. पण लहान मुलाजवळ परत करण्यासारखें काय असतें? आज्ञाधारकपणा! तोच वडील माणसें पुढें वसूल करतात. "तुला एवढें आणून दिलें, आणि तूं असा वागतोस?" हें वाक्य कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं? मोज्यांतील देणगीस देणारा नसल्यानें हें वाक्य तिच्यापुरतें तरी उच्चारतां येत नाहीं. या हाताचें त्या हातास कळूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. ख्रिस्ताच्या पर्वतावरील प्रवचनांतहि हाच उपदेश आहे. गुप्तदानाची ही थोरवी आम्ही जाणत होतों. पण गुप्तदानासहि मर्यादा असते, हें आम्हांस त्या घरीं जानेवारींत कळलें.

शाळा पुन्हां सुरू झाली, आणि पहिल्याच दिवशीं तो मुलगा विचारांत पडून घरीं आला. फादर ख्रिसमसनें कोणास काय आणलें, तें वर्गांत प्रत्येकानें सांगितलें होतें. एकास नवी सायकल मिळाली होती. आमच्या मुलासहि शेगडीपाशीं रुळांवर धांवणारी खेळण्यांतील आगगाडी मिळाली होती, आणि तीहि त्याच म्हाताऱ्याच्या नांवावर. परंतु त्याच्या जिवलग मित्रास एक संत्रें, पेन्सिली आणि हातमोजे एवढेंच मिळालें होतें. त्या मित्राच्या वडिलांची नोकरी त्याच वर्षीं सुटली होती. "आई," मुलानें विचारलें, "तो वाईट वागला होता का? मला तर तसें कधींच दिसलें नाहीं."

बाई क्षणभर स्तब्ध राहिल्या. त्यांनीं आम्हांस जो नियम लावला होता, तो स्वतःस लाविला नव्हता, हें त्यांस उमगलें असावें.

या प्रश्नाचें मूळ शोधूं जातां मोठें नवल दिसतें. ज्या संत निकोलसापासून हा म्हातारा निघाला, तो चौथ्या शतकांत मायरा नगरीचा बिशप होता. तें ठिकाण आज तुर्कस्तानांत देम्रे या नांवानें ओळखलें जातें. आख्यायिका अशी, कीं एका निर्धन झालेल्या गृहस्थास तीन मुली होत्या आणि हुंड्याअभावीं त्यांस अनीतीच्या बाजारांत विकण्याची पाळी आली होती. निकोलसानें तीन वेळां रात्रीं गुपचूप खिडकींतून सोन्याची थैली आंत टाकली. तिसऱ्या खेपेस बापानें त्याला गांठलें, तेव्हां ही गोष्ट कोणास सांगूं नकोस, असें त्यानें बजाविलें. पुढें लोकांनीं कथेंत वाळत घातलेला मोजा आणिला, आणि त्यांतील संत्रें हें त्या सोन्याची आठवण होऊन बसलें. यांत ध्यानांत धरण्याजोगें हें, कीं निकोलसानें त्या मुलींच्या वागणुकीची चौकशी केली नाहीं. त्यानें गरज पाहिली. पुढें मात्र १८२१ साली न्यूयॉर्क येथें निघालेल्या मुलांच्या एका चिमुकल्या पुस्तकांत हाच म्हातारा वाईट मुलांच्या घरीं छडी ठेवूं लागला, आणि १९३४ सालच्या एका लोकप्रिय अमेरिकन गाण्यांत तर तो चांगल्या-वाईट मुलांची यादीच करूं लागला. गरज पाहणारा संत असा न्यायाधीश बनला. आणि न्यायाधीशाच्या हातून श्रीमंताच्या मुलास सायकल व गरिबाच्या मुलास संत्रें मिळूं लागलें, म्हणजे दारिद्र्य हा मुलाचा अपराध ठरतो. बापाच्या खिशाची उणीव मुलाच्या स्वभावाच्या माथीं मारली जाते. यासारखा क्रूर अन्याय शोधून सांपडणार नाहीं, आणि तो करणारीं माणसें मात्र सर्व प्रेमळ असतात!

बाईंनीं मुलास जवळ घेतलें आणि सांगितलें, "मोज्यांत असतें तेवढेंच त्याचें. तें सगळीकडे सारखेंच असतें. गाडी आम्हीं आणली. तुझे बाबा उन्हाळ्यापासून तिच्यासाठीं पैसे बाजूस ठेवीत होते." मुलगा थोडा हिरमुसला. पण संध्याकाळीं बाप कामावरून आल्यावर तो त्याच्या खुर्चीपाशीं जाऊन उभा राहिला आणि कोणी न शिकवतां "गाडीबद्दल आभारी आहे" असें म्हणाला. बाप अगदीं संकोचून गेला. सहा महिन्यांच्या काटकसरीची पावती त्यास त्या दिवशीं मिळाली.

आमचा सिद्धांत एवढाच. देणगी निनावी असेल तर ती लहान असली पाहिजे. मोठी असेल तर तिच्यावर देणाराचें नांव पाहिजे. मोठ्या देणगींत कोणाचा तरी घाम असतो, आणि तो कोणाचा हें जाणण्याचा मुलास हक्क आहे. लहान देणगींत घाम नसतो, लक्ष असतें. आणि त्याची किंमत बाजारांत होत नाहीं. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९९३ साली असा हिशेब मांडला, कीं नाताळच्या भेटींवर जो खर्च होतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यापासून एकतृतीयांशापर्यंतचें मोल घेणाराच्या लेखीं वायां जातें. हा हिशेब ऐकून पुष्कळांस राग येतो; आम्हांस आमचें फौंटनपेन आठवतें. त्याच हिशेबांत असेंहि दिसलें, कीं निकटच्या मित्रांच्या भेटींत तूट सर्वांत कमी येते आणि लांबच्या वडील नातेवाइकांच्या भेटींत अधिक. ज्यास आपण रोज पाहतों, त्यास काय द्यावें हें सुचतें. मोज्याचें अरुंद तोंड देणारास हेंच शिकवितें: पैशानें तो भरतां येत नाहीं, म्हणून डोळे उघडे ठेवावे लागतात.

येथें कोणी म्हणेल, हें सर्व खरें, पण मुळांत ही गोष्टच असत्य आहे, त्याचें काय? आक्षेप हलका नाहीं. १७९७ सालच्या आपल्या प्रसिद्ध लेखांत कांटनें मारेकऱ्याशींहि खोटें बोलूं नये असें प्रतिपादन केलें. मग स्वतःच्या मुलांशीं बोलावें काय? फ्रान्समधील दिजाँ येथें तर १९५१ च्या डिसेंबरांत चर्चच्या आवारांत, मुलांच्या देखत, या म्हाताऱ्याची प्रतिमा जाळण्यांत आली. त्या प्रसंगावर क्लोद लेवी-स्त्रोस यानें पुढल्या वर्षीं लिहिलेल्या निबंधांत हा सारा प्रकार दीक्षाविधीसारखा मानला आहे: एक रहस्य वडील माणसें जपतात आणि योग्य वेळीं लहानांस त्यांत सामील करून घेतात.

असत्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. मुलानें सरळ विचारलें तर सरळ उत्तर द्यावें. आणि त्या म्हाताऱ्याच्या नांवानें धाक तर कदापि घालूं नये, कारण तेथें गोष्ट संपून फसवणूक सुरू होते. पण गोष्ट आणि फसवणूक यांत एक खूण सांगतां येते. फसवणूक उघडकीस आली कीं फसलेला दूर जातो. चांगली गोष्ट उघडकीस आली कीं ऐकणारा सांगणारांच्या बाजूस येऊन बसतो. ही खूण आम्हांस तर्कानें सांपडली नाहीं. नाताळच्या आदल्या रात्रीं आम्ही पाणी पिण्यास उठलों होतों. स्वयंपाकघरांत दिवा दिसला म्हणून डोकावलों, तों अकरा वर्षांची थोरली मुलगी हातांत गाजर घेऊन उभी होती. तिनें तें एका बाजूनें नीट चावलें, खुणा स्पष्ट उमटल्या कीं नाहींत तें दिव्याशीं धरून पाहिलें, आणि उरलेला तुकडा हळूच बशींत ठेवला. आम्हांस पाहून ती दचकली नाहीं. तिनें ओंठांवर बोट ठेवलें, आणि धाकटी निजली होती त्या खोलीकडे मान वळविली.