आश्रयाचे ऋण

परक्याचा जीव वाचविण्यासाठी पित्याने स्वतःच्या मुलांचा जीव धोक्यात घालावा काय? ग्रंथ समोर ठेवून या प्रश्नाची चर्चा करणे सोपे आहे. दारावर थाप पडल्यावर उत्तर देणे कठीण.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि अल्बानिया जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला. युगोस्लाव्हियातून जीव मुठीत धरून आलेले मांदिल हे ज्यू कुटुंब त्या वेळी तिराना शहरात होते. कुटुंबप्रमुख मोशे मांदिल यांना तेथील एका छायाचित्रकाराकडे काम मिळाले होते. तेथेच रफीक वेसेली हा सतरा वर्षांचा मुस्लिम युवक ही कला शिकत होता. आईवडिलांची संमती घेऊन त्याने या कुटुंबास रात्री खेचरांवरून प्रवास करीत डोंगरातील क्रुया येथील आपल्या घरी नेले. वडील वेसेल व आई फातिमा यांनी मोठ्यांना गोठ्यावरील खोलीत लपविले. त्यांची मुले वेसेलींच्या मुलांत मिसळून उघडपणे वावरू लागली. पुढे आणखी एक ज्यू कुटुंब त्याच घरी आले. नोव्हेंबर १९४४ मध्ये देश मुक्त होईपर्यंत हा आश्रय अभंग राहिला.

दिलेला शब्द प्राणापलीकडे जपणे, यास अल्बानियात 'बेसा' म्हणतात. ही रीत तेथील मुस्लिम व ख्रिस्ती या दोघांचीही. म्हणूनच युद्ध संपले तेव्हा त्या देशात ज्यूंची संख्या युद्धापूर्वीपेक्षा अधिक होती.

कोणी म्हणेल, स्वतःस विनाशात लोटू नये, असा कुरआनचा आदेश आहे आणि मुले ही तर अल्लाहची अमानत आहेत. आक्षेप रास्त आहे. भीतीने ज्यांना दार उघडता आले नाही, त्यांचा न्याय आपण सुरक्षित घरात बसून करू नये. परंतु ताइफहून परतताना प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केत प्रवेशासाठी संरक्षण कोणी दिले, हेही आठवावे. ते मुतइम बिन अदी यांनी दिले. त्यांनी इस्लाम स्वीकारलेला नव्हता. तरीही ते आपल्या पुत्रांना सशस्त्र करून काबागृहापाशी उभे राहिले. त्या पित्यानेही आपली मुले धोक्यात घातली होती. प्रेषितांनी (स.) हा उपकार बद्रच्या युद्धानंतरही स्मरणात ठेवला.

म्हणजे आश्रय देणारा मुसलमान उपकार करीत नाही; तो जुने ऋण फेडीत असतो. एक जीव वाचविणे म्हणजे समस्त मानवजात वाचविणे, ही शिकवण कुरआनने सूरह माइदामध्ये बनीइस्राईलच्याच संदर्भात सांगितली आहे. सूरह तौबामध्ये तर संघर्षाच्या काळात शरण आलेल्या अनेकेश्वरवाद्यालाही सुरक्षित स्थळी पोहोचविण्याचा आदेश आहे. शरणागताचा धर्म ही तेथे अट नाही.

मुलांचे रक्षण म्हणजे केवळ त्यांच्या देहाचे रक्षण नव्हे. संकटग्रस्तासमोर दार बंद होताना पाहिलेले मूल काय शिकते, याचाही जाब पित्याला द्यावा लागेल. वेसेलींच्या घरातील मुलांनी गुपित जपले, आपला घास वाटून घेतला. असे बळ संकटाच्या रात्री अकस्मात येत नाही. ते शांततेच्या दिवसांत, परक्याला आपण घरात कसे वागवितो, त्यावरून मुलांत रुजत असते.