गिटारवाल्या नाटकाचं परीक्षण कोणी लिहायचं?

मराठी समीक्षेने रॉक संगीताला कधी शिव्या घातल्या नाहीत. शिव्या घालायच्या तर आधी ऐकावं लागतं.

1978 साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' हे नाटक रंगमंचावर आणलं. मूळ नाटक ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांचं, बर्लिनमध्ये 1928 साली झालेलं. रूपांतर पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं. रविशंकरांकडे सतार शिकलेले भास्कर चंदावरकर संगीताच्या बाजूला होते आणि गुंडाच्या मुख्य भूमिकेत होता नंदू भेंडे. आत्माराम आणि डॉ. आशा भेंडे यांचा हा मुलगा मुंबईत 'वेल्व्हेट फॉग' नावाच्या बँडमध्ये गायचा. 1974 साली ॲलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याने ज्यूडास उभा केला होता. पुढे 'डिस्को डान्सर'मध्ये बप्पी लाहिरींसाठीही तो गायला. नाट्यपद, तमाशाचा बाज आणि रॉक यांना एकाच रंगमंचावर बसवणारा असा प्रयोग मराठीत आधी झाला नव्हता.

या नाटकाचा विषय आजही निघतो. पुलंनी ब्रेश्टला किती मराठी केलं, त्याची धार राहिली की कोटीबाजीत बोथट झाली, यावर मंडळी तासभर बोलतात. गिटारवर कोणी बोलत नाही. फार तर 'नंदूने धमाल केली होती' एवढं वाक्य येतं आणि गाडी पुन्हा संहितेवर जाते.

मला हे नुसतं दुर्लक्ष वाटत नाही, त्यात नाटकच हातचं निसटतं. वाइलची चाल गोड असते आणि शब्द विषारी. ऐकणाऱ्याने ठेका धरायचा आणि मग आपण कशावर ठेका धरलाय हे लक्षात येऊन ओशाळायचं, ही त्यातली गोम. म्हणजे अर्थाचा निम्मा वाटा चालीत असतो. मराठी अवतारात गुंडाच्या तोंडी रॉक येणं हे माझ्या मते त्या प्रयोगातलं सर्वांत धीट विधान होतं. त्याच्या तोंडी यमन घातला असता तर तो आपल्यातलाच एक वाटला असता. रॉकमुळे तो परका वाटतो, आणि आकर्षकही. हे विधान कोणी वाचलं? नाट्यसमीक्षकाला ते 'पार्श्वसंगीत' वाटलं असावं, संगीतसमीक्षकाला ते संगीतच वाटलं नसावं. एकाने दुसऱ्यावर सोडलं आणि मधल्या मध्ये बँड राहून गेला. 'घाशीराम कोतवाल' या नाटकावरचं भांडणही नाना फडणविसांच्या चारित्र्यावर झालं, चंदावरकरांच्या स्वरांवर नाही.

यावर कोणी म्हणेल की आपल्या परंपरेत हे वाद्यच परकं. मग पायपेटी कुठली? 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने जी संगीत रंगभूमी घडवली, तिने विलायती ऑर्गन असा आपलासा केला की आज त्याच्याशिवाय नाट्यपद ओकंबोकं वाटतं. हार्मोनियमवर तर आकाशवाणीने 1940 साली बंदीच घातली होती. मींड निघत नाही, श्रुती मारल्या जातात, हा आक्षेप. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. तो वाद निदान स्वरांचा होता. बंदी घालणाऱ्यांनी पेटी कान देऊन ऐकली होती, हे त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

विलायतेत नाटकी बँडना समीक्षकांनी झोडपलं ते असंच, ऐकून. 'क्वीन'चं उदाहरण आपल्याला जवळचं, कारण त्यांचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढला आणि त्याचा पहिला बँडही तिथलाच. 1979 साली 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकाने या बँडला फॅसिस्ट ठरवण्यापर्यंत मजल मारली. भपका, वेशभूषा, ऑपेराची नक्कल, सगळ्यावर राग. गंमत म्हणजे हाच बँड सत्तरच्या दशकात आपल्या तबकड्यांच्या वेष्टनांवर अभिमानाने छापायचा की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. सोवळं तिथेही होतं! 1980च्या 'द गेम'मध्ये ते सुटलं. पण त्या झोडपण्याचा एक फायदा झाला. चाळीस वर्षांनी ती परीक्षणं काढून कोणीही पडताळू शकतो की समीक्षक कुठे चुकला आणि बँड कुठे. आपल्याकडे पडताळायला काय आहे? अरुण साधूंच्या 'पडघम' या विद्यार्थ्यांच्या चळवळीवरच्या नाटकाला आनंद मोडकांनी पाश्चात्त्य बाजाचं संगीत दिलं. त्याचं स्वरांच्या अंगाने केलेलं विश्लेषण मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

अपवाद नोंदवला पाहिजे तो केशवराव भोळ्यांचा. 1933च्या 'आंधळ्यांची शाळा'ला संगीत देणारा हा माणूस 'एकलव्य' या नावाने गायकांवर लिहायचा, आणि नाटक आणि गाणं दोन्ही त्याच्या कानात एकाच वेळी वाजायचं. ती परंपरा पुढे नीट चालली नाही. आपली व्यवस्थाही खणांची: राज्य नाट्यस्पर्धेत संगीत नाटकाची स्पर्धा वेगळी, बाकी नाटकांची वेगळी.

आपल्या तळेगावात 'कलापिनी'सारखी संस्था कित्येक दशकं हौशी रंगभूमी नेटाने चालवते आहे, म्हणून हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही. एमआयडीसीत शिफ्ट करणारा मुलगा रात्री लॅपटॉपवर सिंथचे थर रचतो, एकांकिकेला जोडतो, आणि परीक्षक सांगतात, 'म्युझिक जरा लाऊड होतं.' आवाज मोठा होता हे खरंच असेल. पण तो तिथे का मोठा होता, कुणाच्या वाक्यावर चढत होता, हे विचारायला परीक्षकाकडे शब्दच नसतात. त्या मुलाला कौतुकापेक्षा एक जाणता आक्षेप जास्त उपयोगी पडेल.

नंदू भेंडे 11 एप्रिल 2014 रोजी गेला, पुढच्याच महिन्यात आनंद मोडक. चंदावरकर त्याआधीच गेले होते. ज्यांनी 'तीन पैशाचा तमाशा' तेव्हा पाहिला, ते प्रेक्षक आता सत्तरीच्या आसपास आहेत. तळेगावाहून लोकल पकडून पुण्याला नाटकं बघणारे तुमच्यापैकी काही असतील. त्यांना एवढीच विनंती: पुलंचे विनोद सगळ्यांना पाठ आहेत, ते राहू द्या. वाद्यं कोणती होती, नंदू गायला लागल्यावर सभागृहात काय झालं, शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा उठून गेले की थांबले, हे लिहून काढा आणि पुढच्या दिवाळीच्या आत संपादकांकडे पाठवा.