न विचारलेला प्रश्न

मागच्या ऑक्टोबरात मी माझी १९६९ सालची शेव्हेल विकली. डेट्रॉइटच्या उत्तरेला, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, जुन्या गाड्या विकून देणारा एक डीलर आहे. गाडी त्याच्या शोरूममध्ये नेऊन ठेवायची, गिऱ्हाईक तो शोधतो, आणि विक्री झाली की आपला हिस्सा कापून उरलेले पैसे आपल्याला देतो. त्याने जाहिरातीत लिहिलं होतं: ‘एसएस ३९६, चार गिअरची मॅन्युअल, मन्सी गिअरबॉक्स, हर्स्टचा दांडा.’ यातला शब्द न् शब्द खरा होता. तीन आठवड्यांत गाडी गेली. मला वाटलं होतं त्यापेक्षा चार हजार डॉलर जास्त आले. तेव्हापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. सगळे शब्द खरे ठेवून खोटं बोलता येतं का?

ज्यांना या गाड्यांचं वेड नाही त्यांना थोडं मागचं सांगायला हवं. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने टेम्पेस्ट ल मान्स या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं मोठं इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली. जनरल मोटर्सचा स्वतःचा नियम असा होता की या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. म्हणून जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल न करता जास्तीचे पैसे भरून घ्यायचा ‘ऑप्शन’ म्हणून विकलं गेलं. नियमाचा शब्द पाळला, अर्थ बाजूला ठेवला. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या आणि मसल कार हा प्रकार रुजला. माझ्या प्रश्नाचं मूळ या गाड्यांच्या जन्मकुंडलीतच आहे, असं आता वाटतं.

ऑप्शनची यादी हा या गाड्यांचा खरा आत्मा. १९६९ साली एसएस ३९६ घेणाऱ्याला मूळ किमतीत तीन गिअरची मॅन्युअल मिळे. वर पैसे भरले की चार गिअरचा मन्सी, आणि त्यातही तीन प्रकार. एम-२० मध्ये पहिला गिअर जास्त ताकदीचा, त्यामुळे गावात चालवायला सोपा. एम-२१ मध्ये चारही गिअर एकमेकांच्या जवळ, म्हणजे गिअर बदलताना इंजिनचा वेग फारसा पडत नाही. एम-२२ चे दाते कमी तिरपे कापलेले, त्यामुळे मजबूत पण किंचाळणारा. त्याला ‘रॉक क्रशर’, म्हणजे खडी फोडायचं यंत्र, असंच नाव पडलं. आणि ज्याला क्लच नको त्याच्यासाठी एम-४०, म्हणजे टर्बो हायड्रामॅटिक ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. हा काही कमअस्सल माल नव्हता. अतिशय दणकट गिअरबॉक्स. शर्यतीच्या पट्ट्यावर अनेक जण मुद्दाम तोच घेत. पण आजच्या संग्राहकाला तिसरं पेडल हवं असतं, आणि त्यासाठी तो जास्त पैसे मोजतो.

कागदावर निवड गिऱ्हाइकाची होती. प्रत्यक्षात डीलरच्या आवारात गाड्या आधीच येऊन उभ्या असत, त्याने स्वतःच्या अंदाजाने मागवलेल्या. त्या गाड्यांवर त्याचं कर्ज असे आणि त्याचं व्याज रोज चढत असे. इलिनॉयमधल्या ला हार्प या लहानशा गावातल्या फ्रेड गिब नावाच्या डीलरने १९६९ साली अ‍ॅल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या झेडएल-१ कॅमारो एकदम ५० मागवल्या. एकूण बनल्याच ६९. नुसत्या इंजिनाचे चार हजारांवर डॉलर लागलेले पाहून गिऱ्हाइकं मागे फिरली आणि बऱ्याचशा गाड्या परत पाठवायची वेळ आली. असा फटका टाळायचा तर आवारात आहे तेच गिऱ्हाइकाला हवं आहे, असं त्याला पटवणं भाग होतं. चार गिअर हवेत? ऑर्डर द्यावी लागेल, आठवडे लागतील. ही ऑटोमॅटिक आज संध्याकाळी घरी नेता येईल. शिवाय घरात दुसरं कुणी चालवणार असेल तर क्लचचा त्रास कशाला?

याच्या जोडीला ठरलेले डाव होतेच. आधी फार स्वस्त भाव सांगायचा, गिऱ्हाईक मनाने गाडीचा मालक झाला की ‘मॅनेजर तयार होत नाहीत’ म्हणून भाव चढवायचा. जुन्या गाडीची भरघोस किंमत द्यायची आणि तेवढीच रक्कम नव्या गाडीत गुपचूप मिसळायची. या शेवटच्या डावाला आळा बसावा म्हणून ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांनी १९५८ मध्ये कायदा करून घेतला. तेव्हापासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किंमत आणि ऑप्शन लिहिलेला कागद असतो. लोक त्याला आजही मोनरोनी स्टिकर म्हणतात. पण हा कायदा नव्या गाडीपुरता. पन्नास वर्षं जुन्या गाडीच्या काचेवर तिचा इतिहास चिकटवायला कुणी सांगत नाही.

आता माझ्या गाडीकडे येतो. मी ती घेतली तेव्हा ‘चार गिअरची’ म्हणूनच घेतली, दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडून. दोन वर्षांनी पेट्रोलची टाकी गळू लागली म्हणून उतरवली, तर टाकीच्या वरच्या बाजूला एक पिवळा पडलेला, कडा कुरतडलेला कागद चिकटलेला निघाला. कारखान्यात गाडी जोडताना कामगारांना दिलेला हा तपशिलाचा तक्ता. असे तक्ते कित्येक गाड्यांत सीटच्या स्प्रिंगांत नाहीतर टाकीवर राहून गेलेले सापडतात, आणि सापडले की मालक पेढे वाटायचाच बाकी राहतो. मीही हरखलो. मग गिअरबॉक्सच्या रकान्यात एम-४० वाचलं. माझी गाडी ऑटोमॅटिक म्हणून जन्मली होती. मेकॅनिकने गाडी वर उचलून जमिनीचा कापून वेल्डिंग केलेला पत्रा दाखवला. मन्सीवर ठोकलेले आकडे माझ्या गाडीच्या नंबराशी जुळत नव्हते.

विकायची ठरवली तेव्हा तो कागद मी डीलरकडे नेला. त्याने तो हातातही घेतला नाही. हसून म्हणाला, “हा मला दाखवू नका. मी पाहिला तर मला सांगावं लागेल. गाडीला आज चार गिअर आहेत की नाहीत? आहेत. मग तेच लिहितो. कुणी विचारलं की ‘मूळचाच का?’, तर माहीत नाही म्हणेन, आणि ते खरंच असेल.” मी कागद पुन्हा पाकिटात घातला. कुणी विचारलं नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोने आपल्या मुलासाठी लिहिलेल्या ‘कर्तव्ये’ या ग्रंथात नेमका हा प्रसंग मांडला आहे. ऱ्होड्समध्ये दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं गलबत घेऊन पोचतो. मागून आणखी गलबतं येत आहेत हे त्याने वाटेत पाहिलं आहे. ते सांगावं, की गप्प राहून चढ्या भावाने विकावं? सिसेरो दोन स्टोइक तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. डायोजेनिस म्हणतो, कायद्याने जे सांगायला लागतं ते सांगा, खोटं बोलू नका. बाकी गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. अँटिपेटर म्हणतो, समोरच्याला जे कळणं त्याच्या हिताचं आहे ते आपल्या फायद्यासाठी त्याच्यापासून दूर ठेवणं, हेच लपवणं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. माझा डीलर डायोजेनिसचा शिष्य होता. मीही तीन आठवडे होतो.

माझ्याकडे बचावाचे तीन मुद्दे होते. पहिला: गिऱ्हाईक सज्ञान आहे, तपासून घेणं त्याचं काम. पण तपासायचं तर गाडी वर उचलून घाण खरवडून आकडे वाचावे लागतात, आणि तेवढ्यानेही कागदाइतकी खात्री मिळत नाही. तो कागद माझ्या खिशात होता. ‘शोध’ असं म्हणत शोधायची वस्तूच आपण दडवली, तर ती त्याची चूक कशी?

दुसरा मुद्दा: गाडी तीच, मजा तीच. एम-२१ चा दुसऱ्यातून तिसऱ्यात पडणारा गिअर मूळचा असो की नंतरचा, हाताला तसाच लागतो. हे मला आजही खरं वाटतं. विकत घेणारा फक्त चालवायला घेत असेल तर त्याचं काहीच बिघडलं नाही. पण मग जास्तीचे चार हजार कशाचे? काहीच फरक नव्हता तर सांगायला काय हरकत होती? ज्या गोष्टीने फरक पडत नाही ती लपवायचं कारण नसतं. मी लपवली, म्हणजे फरक पडतो हे मला ठाऊक होतं. किमतीतला फरकच माझ्याविरुद्धचा साक्षीदार.

तिसरा मुद्दा सर्वांत चिवट: या धंद्यात सगळेच असं करतात, आणि गिऱ्हाइकालाही ते माहीत असतं. यात तथ्य आहे. जीटीओला प्रसिद्धी मिळवून देणाऱ्या १९६४ च्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकातल्या चाचणीत दिलेल्या गाडीत ३८९ च्या जागी ४२१ इंजिन होतं, हे पाँटिअ‍ॅकच्या जाहिराती पाहणारे जिम वँगर्स यांनी कैक वर्षांनी कबूल केलं. फोर्डने ४२८ कोब्रा जेट इंजिनाची ताकद ३३५ अश्वशक्ती छापली, आणि खरी त्याहून बरीच जास्त आहे हे जाणकारांना ठाऊक होतं. तिथे विकणारा आणि घेणारा दोघेही डोळे मिचकावत होते, फसत होता तो तिसराच, विमा उतरवणारा. पण माझ्या सौद्यात डोळे मिचकावणारा एकटा मीच होतो.

शिवाय ‘सगळेच करतात’ हे खरं असेल तर त्याची किंमत कोण भरतं, हेही पाहायला हवं. १९७० साली, या गाड्या अगदी भरात असताना, जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीतलं व्यंग विकणाऱ्याला कळतं, घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून घेणारा प्रत्येकच गाडीला सरासरी, संशयी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, ती बाजारातून निघून जाते, आणि उरते ती खराब. म्हणजे माझ्या गप्प राहण्याचं नुकसान त्या एका गिऱ्हाइकापाशी थांबत नाही. पुढच्या वेळी खरोखर चार गिअरची म्हणून जन्मलेली गाडी घेऊन एखादा सरळ माणूस उभा राहील, तेव्हा त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. त्या अविश्वासात माझी चार आण्यांची भर आहे. मला विकणाऱ्यानेही तेच केलं होतं, आणि ‘मलाही कुणी सांगितलं नव्हतं’ या वाक्याने मी स्वतःला बरेच दिवस झोपवलं. फसवलं गेल्याने फसवण्याचा परवाना मिळत नाही. उलट मला तर नेमकं ठाऊक होतं की कागद वाचताना पोटात कसं होतं.

लहानपणी ‘नरो वा कुंजरो वा’ ची गोष्ट ऐकताना मला धर्मराजाची बाजू पटायची. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता; हत्ती हा शब्दही तो उच्चारतो, फक्त हळू. तरी त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकतो. ही शिक्षा मला फार वाटायची. आता वाटतं, ती शिक्षा नव्हतीच. बाकी सगळ्यांचे रथ जिथून चालतात तिथे तो आला, एवढंच. आणि आपण ‘मी खोटं बोललो नाही’ असं म्हणतो तेव्हा त्या चार बोटांच्या उंचीवरूनच बोलत असतो.

गाडी घेणाऱ्याचं नाव मला माहीत नाही, सगळा व्यवहार डीलरमार्फत झाला. गेल्या आठवड्यात मी त्या तक्त्याची प्रत आणि एक चिठ्ठी पाकिटात घालून डीलरकडे दिली, पुढे पाठवा म्हणून. चिठ्ठीत लिहिलं: हा कागद तुमच्या गाडीचा आहे, तो माझ्याकडे होता आणि मी दिला नाही, फरकाचे पैसे परत करायला तयार आहे. खाली फोन नंबर. डीलर म्हणाला, “बघतो.” त्याचं ‘बघतो’ म्हणजे काय हे मला कळतं. पंधरा दिवसांत फोन आला नाही तर मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी पाकीट उघडं ठेवून, कागद त्याच्या टेबलावर पसरून. पाहिला तर सांगावं लागेल, असं तो स्वतःच म्हणाला होता.