वाघ लपतो कुणाच्या नजरेपुढं?

पैनगंगेच्या अल्याड आदिलाबाद, पल्याड यवतमाळ. टिपेश्वरचं अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. तिथं वयात आलेला वाघ स्वतःचा मुलूख शोधत नदी उतरतो आणि भीमपूर मंडलातल्या शिवारांत येऊन ठेपतो. जंगल असायलाच हवं असं काही नाही. उभी पऱ्हाटी अन् मधल्या तासांतली तूर त्याला पुरते.

एवढं मोठं, भडक केशरी जनावर पिकात दिसत कसं नाही?

कॅमोफ्लाज हा शब्द इंग्रजीत रुळला तो पहिल्या महायुद्धात. फ्रेंचांनी 1915 मध्ये चक्क चित्रकारांची तुकडी उभी केली आणि तोफांवर रंगाचे पट्टे ओढून घेतले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ सोंग घेणं, रूप पालटणं. म्हणजे सगळी करामत लपणाऱ्याची, असं आपण धरून चालतो. मला तसं वाटत नाही. लपणं निम्मं तरी पाहणाऱ्यावर असतं.

आपल्याला रंग दिसतात ते डोळ्यांतल्या तीन प्रकारच्या पेशींमुळे. चितळाकडे त्यांतले दोनच प्रकार. केशरी आणि हिरवा यांतला फरक त्याला जवळपास कळत नाही. सस्तन प्राण्यांना हिरवा रंग अंगात तयार करता येत नाही, अन् वाघाला त्याची गरजही पडत नाही. चितळाच्या लेखी तो हिरव्यातलाच. वर काळे पट्टे अंगाचा आकार मोडून टाकतात. वाघ दबून बसला की गवतात काही आहे, हेच चितळाला उमगत नाही.

पण वरच्या फांदीवर वानर बसलेलं असतं. त्याच्या डोळ्यांत आपल्यासारखे तिन्ही प्रकार. शिवाय उंचावरची जागा. त्याला केशरी ठिपका दिसतो, ते खाकरतं, आणि खालचा कळप कान टवकारून उभा राहतो. चितळाचं नाक तिखट, वानराची नजर. दोघांनी एकमेकांच्या आसपास राहायचं हे कुणी शिकवलेलं नाही.

माणसाला रंग दिसतात, तरी तो फसतो. कापूस वेचणारी बाई दिवसभर कमरेत वाकलेली असते. बोंडं, ओटी, पुढचं झाड. तिची नजर चितळाच्या उंचीवर येते. तूर तिच्या डोक्याच्या वर. 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच असलेल्या कागजनगर भागात नोव्हेंबर 2024 मध्ये कापूस वेचायला गेलेल्या एका तरुणीचा वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. दिवसाउजेडी, रानात.

वेचणीच्या दिवसांत एकटं जाऊ नका, टोळीनं जा, हे ठीकच. पण टोळीतल्या साऱ्याच वाकल्या, तर वर बघणार कोण? पाळीपाळीनं एकीनं धुऱ्यावर ताठ उभं राहावं, बोलत राहावं, चारी बाजूंना बघावं. अडचण एवढीच की वेचणीची मजुरी किलोवर मिळते. उभी राहणारीच्या ओटीत कापूस पडत नाही. शेतमालकांनो, तिची त्या दिवसाची मजुरी कापू नका.