न दिसल्याची नोंद

रात्री गच्चीवर एकटा उभा असलेला हौशी निरीक्षक ताऱ्याकडे पाहून वहीत एक आकडा लिहितो. तो खरा की खोटा, हे पडताळायला शेजारी कोणी नसते. मग त्याने खरेच का लिहावे?

काही ताऱ्यांचे तेज कमी-अधिक होत असते. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. ते तेज डोळ्यांनी मोजण्याची रीत सोपी आहे. मृगातील काक्षीच्या जवळपास प्रश्वा आणि रोहिणी हे तारे आहेत. दोघांचीही प्रत ठाऊक आहे. काक्षी त्यांच्या मध्ये कोठे बसतो, एवढेच ठरवायचे. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेली एक संस्था अशा नोंदी जगभरातून गोळा करते. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी तिच्याकडे ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तीही हौशी मंडळींच्याच पुढाकाराने. आकाश ही केवळ वेधशाळांची मिरास नव्हे, हे अशा माणसांनी दाखवून दिले.

२०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला. एरवी ०.५ च्या आसपास असणारी त्याची प्रत फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १.६ झाली, प्रतीचा आकडा वाढला की तेज घटले असे समजावे. ही घट नेहमीची नव्हे, हे कळले ते अनेक दशकांच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिल्यामुळे. ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती, असे पुढे संशोधकांनी दाखविले.

पण त्याच दिवसांत एक मोहही होता. वर्तमानपत्रात वाचून गच्चीवर गेलेल्यास तारा मंदच दिसणार! म्हणून नियम असा की, आपली नोंद होईपर्यंत इतरांचे आकडे पाहू नयेत. आणि तारा दिसलाच नाही, तर दिसलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत देऊन 'याहून मंद' असे लिहावे.

हजारांत आपल्या एका आकड्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. आम्हांस हे पटत नाही. चुका विखुरलेल्या असतील तर सरासरीत त्या बहुतांशी एकमेकींना खोडून टाकतात; पण सर्वच जण ऐकीव आकड्याकडे झुकले, तर तीच चूक सरासरीत पक्की होऊन बसते. ज्याचा खरेपणा कोणी तपासणार नाही, त्याच्याच खरेपणावर येथे सर्वांची भिस्त असते. गिऱ्हाईक पाठमोरे असताना तागा मोजणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही.

लिंबायतच्या दिव्यांत मंद तारे हरवले आहेत. वाडवडिलांनी गावाकडच्या अंगणातून पाहिलेले आकाश येथे उरले नाही. काक्षी मात्र हिवाळ्यात आमच्या गच्चीवरूनही दिसतो. यंदा नातवंडांसह तो पाहावा, प्रत्येकाने आपला आकडा दुसऱ्यास न सांगता लिहावा आणि मगच वह्या शेजारी ठेवाव्यात. आकडे जुळले नाहीत, तरी कोणीही आपला आकडा खोडू नये.