तुटलेला बोल्ट



प्रायश्चित्तकाळ आला की आम्ही दरवर्षी पापनिवेदनाविषयी लिहितो. यंदा सुरुवात एका बोल्टपासून करतो.

या काळातल्या पहिल्या शुक्रवारी धारूरच्या घाटात आपल्या चर्चच्या जीपचा आवाज बदलला. इंजिन फटफटू लागले, आत धुराचा वास येऊ लागला. गॅरेजवाल्या चाचांनी सांगितले, "फादर, धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड इंजिनच्या हेडला जिथे बसतो, तिथलं गॅस्केट जळालंय." त्यांनी बोल्ट काढायला घेतले. सगळे सुटले, शेवटचा हलेना. त्यावर तेल सोडून चाचा नमाजाला गेले. आम्हाला संध्याकाळच्या क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला पोहोचायचे होते. आम्ही पान्याला लोखंडी पाइप लावला आणि अंगातला सगळा जोर दिला. 'कट्' असा आवाज झाला. बोल्टचे डोके पान्यात आले, उरलेला बोल्ट इंजिनातच राहिला.

चाचा परत आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "फादर, बोल्ट वाईट नव्हता. वर्षानुवर्षं तापला, थंड झाला, पाणी लागलं, गंज धरला. त्याला वेळ द्यायचा होता."

आम्ही विचारले, "आता भोक पाडून, आत उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालून निघेल ना?" चाचांनी मान हलवली. तो एक्स्ट्रॅक्टर फार कडक, म्हणून ठिसूळही. गंजलेल्या बोल्टमध्ये तोच तुटला, तर साधे ड्रिल त्याला लागत नाही. मग हेडच उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागते. एका घाईवर दुसरी घाई केली की दुखणे दुप्पट होते.

त्या रात्री त्यांनी बोल्टच्या मुळाशी पुन्हा तेल सोडले, हातोडीने हलके ठोके दिले आणि गाडी तशीच ठेवली. सकाळी बॅटरीची वायर काढून, बोल्टच्या तुटक्या टोकावर एक नट ठेवून तो वेल्डिंगने जोडला. वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट फुगतो, थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड ढिली होते. मग पाना लावला. थोडा डावीकडे, पुन्हा थोडा उजवीकडे. तेल. पुन्हा थोडा डावीकडे. अर्ध्या तासाने बोल्ट बाहेर आला. हेडमधले आटे शाबूत होते. टॅप फिरवून त्यांनी ते साफ केले, नव्या बोल्टला ग्रीस लावले आणि बेताने आवळले.

बंधुभगिनींनो, त्या अर्ध्या तासात आम्हाला एक माणूस आठवत होता. त्याच्याच परवानगीने हे लिहितो. नाव सांगणार नाही. दोन वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या पालकसभेत आम्ही त्याला सर्वांसमोर बोललो. दिवाळीनंतर तो मुलांना घेऊन ऊसतोडीला जातो, मुलांचे वर्ग बुडतात, म्हणून आम्ही म्हणालो, "तुला मुलांच्या श्रद्धेपेक्षा मुकादमाची उचल मोठी वाटते." तो काही बोलला नाही. त्यानंतर तो चर्चमध्ये आलाच नाही. ती उचल त्याने आईच्या औषधपाण्यासाठी घेतली होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. आमचे म्हणणे खोटे नव्हते. पण आम्ही पान्याला पाइप लावला होता.

संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी शिकवले आहे की देवाची कृपा माणसाचा स्वभाव मोडत नाही, ती त्याला पूर्णत्वाला नेते. सेमिनरीत आम्ही हे पाठ केले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळवले. कळले मात्र गॅरेजमध्ये. लूकच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातला माळी हेच करतो. फळ न देणारे अंजिराचे झाड तोडायला मालक निघतो, तेव्हा तो आणखी एक वर्ष मागून घेतो. आणि ते वर्ष नुसते वाट पाहत बसत नाही, मुळांशी खणून खत घालायचे कबूल करतो. ख्रिस्ती सबुरी ती हीच. सबुरी म्हणजे विसरून जाणे नव्हे. रात्रभर तेल मुरू द्यायचे, पण सकाळी पाना हातात घ्यायचाच.

मत्तयच्या ५व्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीपाशी आल्यावर भावाचे मन आपल्याविषयी दुखावलेले आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. आम्ही तर रोज वेदीपाशी उभे असतो. मागच्या आठवड्यात तो कारखान्यावरून परतल्याचे कळले आणि आम्ही त्याच्या घरी गेलो. क्षमा मागितली. तो बराच वेळ गप्प होता. मग पत्नीला म्हणाला, "फादरला चहा ठेव." त्या रविवारी तो मिस्साला आला नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत. बोल्ट थोडासा हलला आहे. आता जोर करायचा नाही आणि सोडूनही द्यायचे नाही.

आपल्या घरांतही असे बोल्ट आहेत. बांधावरून बोलणे तुटलेले भाऊ आहेत, माहेर तुटलेल्या लेकी आहेत, बापासमोर न येणारा मुलगा आहे. स्वतःच्या आतही आहेत: दारू, संशय, जुना राग. एका झटक्यात सुटत नाही म्हणून आपण निराश होतो, नाहीतर आणखी जोर लावून मोडतो. या आठवड्यात एकच करू या. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्यासाठी रोज एकदा प्रार्थना करू या आणि रविवारपूर्वी त्याच्या दारापर्यंत एक पाऊल टाकू या. पापनिवेदनासाठी शनिवारी संध्याकाळी आम्ही चर्चमध्ये बसलेले असू. कितीही वर्षांचा गंज असला तरी संकोच करू नका. तिथे पाइप लावला जाणार नाही, हा आमचा शब्द.

दयाळू पिता आपणा सर्वांना सबुरी आणि समेटाची कृपा देवो.

आपले धर्मगुरू