मॅक्सी आणि हया

मराठीत 'ड्रेस' म्हटले की सलवार-कमीझ. 'साडी नेसणार की ड्रेस घालणार?' असे आपण विचारतो, तेव्हा इंग्रजांचा ड्रेस, म्हणजे गळ्यापासून पायांपर्यंत एकाच अंगाचा झगा, आपल्या मनात नसतो. त्या झग्याला आपल्याकडे वेगळी नावे आहेत. घरात असला तर मॅक्सी नाहीतर गाऊन, घराबाहेर काळा असला तर अबाया. रत्नागिरीत मिरकरवाडा, राजिवडा, कोकणनगर या भागांत सकाळी फिरून पाहा. मॅक्सीत असलेली बाई दहा वाजता त्याच मॅक्सीवर अबाया चढवून रामआळीत जाते, परत येऊन अबाया खुंटीला अडकवते आणि मॅक्सीतच स्वयंपाकाला लागते. साड्या आणि पंजाबी ड्रेस कपाटात असतात. ते निकाहाला आणि ईदला बाहेर निघतात. पाश्चात्त्य देशांत काही स्त्रिया विचारपूर्वक ठरवतात की यापुढे पँट नको, फक्त ड्रेस आणि स्कर्ट. आमच्या कोकणी मुसलमान बायांनी कसलाही ठराव न करता ते केव्हाच करून टाकले आहे.

हे फार जुने मात्र नाही. आमच्या आजीच्या पिढीच्या बाया साडी नेसत, बाहेर पडताना वरून चादर घेत. सत्तरच्या दशकानंतर घरातली माणसे आखातात नोकरीला जाऊ लागली आणि त्यांच्या बॅगांतून अबाया आला. मॅक्सी आली ती दुसऱ्या वाटेने. मडमांचा रात्री झोपताना घालायचा गाऊन आपल्याकडे आला, शिंप्यांनी त्याला सुती, फुलाफुलांचा केला, आणि हळूहळू तो रात्रीचा दिवसाचा झाला. केरळात तर खांद्यावर पंचा टाकून मॅक्सीत वावरणाऱ्या बाया गल्लोगल्ली दिसतात. आपल्याकडे पंचाची जागा ओढणीने घेतली आहे.

मॅक्सीची सोय ज्याने घातली नाही त्याला कळणार नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. साडीचा काठ जून ते सप्टेंबर ओलाच राहतो, मॅक्सी चुलीजवळच्या दोरीवर दोन तासांत सुकते. पुढे चेन असते, त्यामुळे तान्ह्या बाळाला पाजता येते. बाजूला खिसा असतो. या खिशाबद्दल कोणी लिहीत नाही, पण बाईच्या कपड्याला खिसा असणे ही लहान गोष्ट नव्हे. किल्ली, मोबाईल, भाजीचे सुटे पैसे सगळे अंगावर राहते. साडीला तो नाही, पंजाबी ड्रेसला शिंप्याला मुद्दाम सांगावे लागते, तरीही तो बहुधा विसरतो.

आता प्रश्न असा की, एवढ्या सोयीच्या आणि एवढ्या झाकणाऱ्या कपड्याची लोकांना लाज का वाटते? २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळाने बायांनी गाऊन घालून रस्त्यावर येऊ नये असा फतवा काढला आणि मोडणारीला ५०० रुपये दंड ठेवला. २०१८ मध्ये आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलापल्ली गावाच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्यावर कडी केली. सकाळी सात ते संध्याकाळी सात नाइटी घातली तर दंड २००० रुपये, आणि चहाडी करणाऱ्याला १००० रुपये बक्षीस. एका गावात महिला मंडळाने नियम घातला, दुसऱ्या गावात वडीलधाऱ्यांनी. दोन्हीकडे कारण एकच, की हे असभ्य दिसते.

कापडाच्या मापाने पाहिले तर हे कोडेच आहे. मॅक्सीत पोट दिसत नाही, पाठ दिसत नाही, पाय दिसत नाहीत. साडीत पोट आणि पाठ दिसू शकते आणि साडी मात्र सभ्यतेची पराकाष्ठा. आमच्याकडे फिकहच्या भाषेत 'सतर' म्हणतात ते, म्हणजे अंगाचा जो भाग झाकायलाच हवा तो, मॅक्सी आणि ओढणीने नीट झाकला जातो. बाया घरात त्याच कपड्यांत नमाज पढतात आणि ती होते. तेव्हा सभ्यतेचे माप कापडात नाही, दुसरे कशात तरी आहे.

आम्हाला वाटते, ते माप वेळेत आहे. मॅक्सी सांगते की ही बाई कामातून उठून आली आहे. ती तुमच्यासाठी तयार झालेली नाही. साडी नेसायला दहा मिनिटे लागतात, निऱ्या घालाव्या लागतात, पिना लावाव्या लागतात. ती दहा मिनिटे म्हणजे पाहणाऱ्याला दिलेला मान. मॅक्सीत तो मान नाही आणि लोकांना खुपते ते हेच. अंग दिसते म्हणून नव्हे, तर घर दिसते म्हणून. चुलीचा वास, हळदीचा डाग, रात्रीची झोप हे सगळे त्या कपड्याबरोबर रस्त्यावर येते.

आणि पुरुषाचे घर रस्त्यावर आलेले कोणाला खुपत नाही, हेही पाहिले पाहिजे. आमच्या मोहल्ल्यांत पुरुष लुंगी लावून झोपतात, तीच लुंगी लावून पावाच्या दुकानात जातात, बंदरावर जातात, चहाच्या टपरीवर तास तास बसतात. लुंगी म्हणजे काय, तर न शिवलेला स्कर्टच की! लुंगीवर दंड बसवणारी समिती आम्ही अजून ऐकलेली नाही.

इथपर्यंत आल्यावर कोणी म्हणेल, मग झाले, ज्याला जे हवे ते घालू द्या. एवढ्यावर सोडून द्यायला आम्ही तयार नाही. कपडा ही एक बोली आहे. मय्यतीच्या घरी चमचमता घागरा घालून गेले तर सतर झाकलेला असतो, पण त्या घराला दुखावलेले असते. शाळा हीसुद्धा एक जागा आहे आणि तिला स्वतःचा मान आहे. महाराष्ट्र शासनाने १५ मार्च २०२४ रोजी आम्हा शिक्षकांच्या पेहरावाबद्दल निर्णय काढला. बायांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. पुरुषांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. जीन्स-टीशर्ट नको, भडक नक्षीचे काही नको. त्यावर पुष्कळ खळखळ झाली. आम्हाला त्या निर्णयाची गरज वाटली नाही, पण त्यातली इच्छा समजू शकते. मुलांसमोर उभे राहणारा माणूस मुलांसाठी तयार होऊन आलेला असावा. आम्हाला त्याबद्दल पगार मिळतो, कपाटात चार ड्रेस आहेत, बदलायला खोली आहे.

हाच नियम पालकांना लावायचा का, हा खरा वाद. आमच्या ओळखीच्या एका उर्दू शाळेत फलकावर सूचना लागली की मातांनी पालकसभेला गाऊन घालून येऊ नये. सूचना लिहिणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. त्यांचे म्हणणे असे की आईच आळसात आली तर मुलगी शाळेला काय किंमत देणार? पुढच्या सभेला माता कमी आल्या. ज्या आल्या त्या नीटनेटक्या आल्या, पण त्या नेहमीच येणाऱ्या. जिच्या मुलाचे वाचन अडलेले आहे आणि जिला खास बोलवायचे होते, ती दारापर्यंत येऊन परत गेली. नंतर भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, पहाटेपासून कोळंबी सोलत होते. घरी जाऊन बदलले असते तर तुमची सभा संपली असती." तिने अबाया का घातला नाही, असा प्रश्न लगेच निघाला. अबायाला कोळंबीचा वास लागला की तो दुसऱ्या दिवशी कुठेच घालता येत नाही, आणि तिच्याकडे एकच आहे. हे तिने सांगितले नाही. तिच्या शेजारणीने सांगितले.

या एका गोष्टीत आम्हाला सगळा प्रश्न दिसतो. एकच मॅक्सी चार बायांच्या अंगावर चार गोष्टी असू शकते. एकीचे कपाट भरलेले आहे, तिला सोस नाही, ती साधेपणाने राहते. त्याला आपण कनाअत म्हणतो आणि त्याचे कौतुक करतो. दुसरीला सवय झाली आहे, तिने विचारच केलेला नाही. तिसरीकडे दुसरे काही नाही. चौथीला नवऱ्याने किंवा सासूने सांगितले आहे की तुला बाहेर जायचेच कशाला, मग कपडे कशाला. बाहेरून चौघी सारख्याच दिसतात. पहिलीला दाद द्यायची, दुसरीला हलकेच टोकायचे, तिसरीला मदत करायची आणि चौथीच्या बाजूने उभे राहायचे. पण यातली कोण कोणती, हे कापड सांगत नाही.

अल्लाहला नियत दिसते, म्हणून त्याच्यापुढे मॅक्सीत उभे राहता येते. मुख्याध्यापकांना ती दिसत नाही, म्हणून त्यांना बाहेरची खूण लागते. हे बरोबर आहे. पण ज्याला नियत दिसत नाही त्याने निकाल देताना जपूनच राहायला हवे, हेही तितकेच बरोबर आहे. सूरह आराफमध्ये तक्वाच्या लिबासाचा उल्लेख येतो. आमच्याकडे वाअझमध्ये तो बहुधा बायांच्या कपड्यांवर बोलताना काढला जातो. वास्तविक तो लिबास डोळ्यांना दिसणाराच नाही, आणि तो फक्त बायांचाही नाही.

कापडावरून नियत ओळखायला निघाले की काय होते, ते फ्रान्सने दाखवले. २०१५ मध्ये शार्लव्हिल-मेझिएर शहरात १५ वर्षांच्या एका मुसलमान मुलीला लांब काळ्या स्कर्टमुळे वर्गात बसू दिले नाही. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये शिक्षणमंत्री गाब्रिएल अत्ताल यांनी सरकारी शाळांत अबायाला बंदी केली. ४ सप्टेंबरला शाळा उघडल्या तेव्हा सुमारे ३०० मुली अबाया घालून आल्या आणि त्यांतल्या ६७ जणींनी तो काढायला नकार दिला म्हणून त्यांना घरी पाठवण्यात आले. आता अबाया आणि लांब ड्रेस यांत फरक काय, हे शिवणाऱ्याला विचारले तर तो हसेल. दोन्हीचा काप एकच. तेव्हा दारावर उभ्या असलेल्या माणसाला कपड्याऐवजी मुलीकडे पाहावे लागते. तिचे नाव काय, ती कुठल्या वस्तीतली. तोच झगा एकीच्या अंगावर फॅशन आणि दुसरीच्या अंगावर गुन्हा. आपण या बातम्या वाचून हळहळलो, कर्नाटकात २०२२ मध्ये मुलींना हिजाबपायी फाटकाबाहेर उभे केले तेव्हा आपण संतापलो, आणि ते योग्यच होते. गोठिवलीची आणि आपल्या फलकावरची सूचना मात्र आपल्याला त्या रांगेत बसवावीशी वाटत नाही. तिथे धर्म होता, इथे नुसती रीत आहे, असे आपण म्हणतो. फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या बाईला हा फरक समजावून सांगणे अवघड आहे.

आमच्या वर्गातल्या आठवीच्या मुली सलवार-कमीझ आणि पांढरी ओढणी घेऊन येतात. मराठी शाळांतल्या मुलींच्या आज्या परकर-पोलक्यात शिकल्या, म्हणजे पायघोळ स्कर्टमध्येच. आमच्या मुलींच्या आज्या बहुतेक शिकल्याच नाहीत. मुलींना फलकावरची सूचना ठाऊक होती. एकीने विचारले, "मॅडम, माझी अम्मी आली तर तुम्ही आत घ्याल ना?" आम्ही हो म्हटले. तिने पुढे विचारले नाही, पण बाकीच्या मुली वहीत बघत राहिल्या. आईच्या कपड्याची लाज ही एकदा लागली की फार वर्षे पुरते. आळसात आलेली आई पाहून मुलगी शाळेला किंमत देणार नाही, अशी काळजी ज्यांना वाटते, त्यांनी या दुसऱ्या काळजीचाही हिशेब मांडावा.

मातांनी बरे कपडे घालून यावे अशी इच्छा धरायला आमची हरकत नाही. तसे तोंडी सांगता येते, शेजारणीकडून सांगता येते, आणि ज्यांच्याकडे कपडे आहेत त्या ऐकतातही. फलकावर लिहिले की ते सगळ्यांना लागू होते आणि जिला जमत नाही तीच बरोबर गाळली जाते. ती ओळ पुसावी असे आम्ही त्या शाळेतल्या मंडळींना सांगितले आहे. शिवाय सभा सकाळी दहाला असते, ती दुपारी चारला ठेवावी असेही सुचवले आहे. तोवर कोळंबीचे काम उरकलेले असते, आंघोळ झालेली असते आणि अबाया खुंटीवर कोरडा असतो.